मागचा एक्सल 9,940 किलो: एअर सस्पेन्शनच्या एका ट्रेलरचे प्रकरण

तपासणीच्या थांब्यावर ट्रेलरच्या तिन्ही एक्सलखाली वजनकाट्याच्या पाट्या ठेवल्या गेल्या आणि आकडे आले ते असे: पुढचा एक्सल 6,980 किलो, मधला 7,040, मागचा 9,940. बेरीज 23,960. तीन एक्सलच्या गटाला मुभा 24,000 किलोची होती, म्हणजे बेरजेने गाडी नियमात बसत होती. पण एका एक्सलची क्षमता 9,000 किलो, आणि मागच्या एक्सलने ती 940 किलोंनी ओलांडली होती. मागचे काही पॅलेट उतरवल्यावरच ट्रेलर सुटला.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या वर्कशॉपमध्ये आला. उतरवलेले पॅलेट मी पुन्हा त्याच जागी चढवून घेतले, कारण दोष शोधायचा तर गाडी त्या वेळी जशी होती तशीच समोर हवी. मालकांचे म्हणणे एका दमात होते: "अहो, एअर सस्पेन्शन आहे. तिन्ही एक्सलच्या बॅगा एकाच लाइनवर आहेत. वजन वेगळं येईलच कसं? काटाच चुकला असणार."

प्रश्न बरोबर होता. एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी गाडी, घेतात ते याच भरवशावर. भरवसा खोटा नाही, पण त्याला एक अट आहे, आणि ती अट ट्रेलरच्या खाली वाकून टेप लावल्याशिवाय दिसत नाही.

गाडी कशी होती

तीन एक्सलचा सेमी-ट्रेलर. किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालच्या, ओढणाऱ्या गाडीत अडकणाऱ्या खुंटीपासून, मधल्या एक्सलपर्यंतचे अंतर 7.7 मीटर, दोन एक्सलमधले अंतर 1.31 मीटर. प्रत्येक टोकाला एकेरी रुंद टायर, 385/65 आर 22.5, लोड इंडेक्स 160, म्हणजे टायरमागे 4,500 किलो. रिकामा ट्रेलर 7.1 टन, वर माल 25.4 टन. ओढणारी गाडी, म्हणजे घोडा, साडेसात टनांचा. सगळे मिळून 40 टनांच्या काठावर.

सस्पेन्शन ट्रेलिंग आर्मचे. आर्मचे पुढचे टोक चासीच्या हँगरमध्ये बुशवर फिरते, मधे एक्सल बसतो आणि मागच्या टोकावर एअर बॅग, ज्याला ड्रायव्हर लोक फुगा म्हणतात. सहा फुगे, सगळे पाइपांनी एकमेकांना जोडलेले. हवा ब्रेकच्याच टाकीतून येते, पण वाटेत एक प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. तो सुमारे 6 बार झाल्याशिवाय उघडत नाही, म्हणजे आधी ब्रेकचे पोट भरते आणि मग फुग्यांचे. त्यानंतर येतो लेव्हलिंग व्हॉल्व्ह. तो चासीवर बसवलेला असतो आणि त्याचा दांडा एका लिंक रॉडने मधल्या एक्सलला जोडलेला असतो. माल चढला, चासी खाली बसली, दांडा वर उचलला गेला की हवा आत. माल उतरला की उलट. त्याला वजन कळत नाही, त्याला कळते ती फक्त उंची.

आधी दोन वाटण्या वेगळ्या करू

वजन वाटले जाते दोन पातळ्यांवर आणि बहुतेक वाद या दोन्हींची सरमिसळ झाल्याने होतात.

पहिली वाटणी किंगपिन आणि एक्सलगट यांच्यातली. दोन माणसांनी तुळई उचलावी तसा हा हिशेब आहे. माल ज्याच्या जवळ, त्याच्यावर जास्त. इथे सस्पेन्शन हवेचे आहे की पाट्यांचे, म्हणजे लोखंडी पात्यांच्या कमानींचे, याने जवळपास फरक पडत नाही. माल कुठे ठेवला ते ठरवते. 25 टनांचा माल 20 सेंटिमीटर पुढे सरकवला तर गटावरून साधारण साडेसहाशे किलो निघून किंगपिनकडे जातात.

दुसरी वाटणी गटातल्या तीन एक्सलमधली. पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये दोन पाट्यांच्या टोकांमध्ये रॉकर असतो, तो एका एक्सलचा भार दुसऱ्याकडे ढकलतो, पण बुश आणि पिन घासत असल्याने पूर्ण समान कधीच करत नाही. हवेच्या सस्पेन्शनमध्ये हे काम दाब करतो. सहाही फुगे जोडलेले, म्हणून सगळ्यांत दाब एकच. दाब गुणिले फुग्याचे प्रभावी क्षेत्रफळ म्हणजे बल. फुगे एकसारखे, आर्म एकसारखे, म्हणून बलही सारखे. ट्रेलरचे नाक थोडे वर किंवा खाली असले तरी फारसे बिघडत नाही.

मालकांचा भरवसा या दुसऱ्या वाटणीवर होता. आणि त्यांच्या आकड्यांत बिघाड नेमका तिथेच होता. म्हणून माल मागे ठेवला म्हणून मागचा एक्सल जड झाला, हे स्पष्टीकरण मी पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवले. माल मागे असता तर तिन्ही एक्सल मिळून जड झाले असते, एकटा मागचा नाही.

आकड्यांत आणखी एक खूण होती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच. पुढचा आणि मधला जवळपास सारखे, फरक फक्त 60 किलोंचा. वेगळा एकच. दाबच कमी-जास्त असता, म्हणजे एखाद्या फुग्याचा पाइप चेपला असता, तर त्या एक्सलची डावी-उजवीकडची चाके सारखी आली नसती. इथे मागच्या एक्सलची दोन्ही चाके अगदी जुळत होती. म्हणजे दोन एक्सल हवेवर व्यवस्थित उभे होते आणि तिसऱ्याला हवेखेरीज आणखी कशाचा तरी आधार मिळत होता.

काय काय तपासले

काट्याचा संशय आधी फेडला. सपाट काँक्रीटवर, तिन्ही एक्सलखाली एकाच जाडीच्या पाट्या ठेवून पुन्हा वजन केले. एकाच एक्सलखाली पाटी आणि बाकीचे जमिनीवर, असे केले तर पाटीच्या जाडीइतका तो एक्सल उचलला जातो आणि आकडा फसवतो. पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये ही चूक मोठी होते, हवेच्या सस्पेन्शनमध्ये लहान, तरी करूच नये. मग ट्रेलर उलट्या दिशेने आणून पुन्हा वजन घेतले. आकडे तेच, वीस-तीस किलोंच्या फरकाने.

वजन घेताना ब्रेक सोडलेले आणि चाकांपुढे-मागे ठोकळे, ही गोष्ट फार वेळा राहून जाते. ट्रेलिंग आर्म वर-खाली होतो तेव्हा एक्सल कमानीत फिरतो आणि चाकाला किंचित घरंगळावे लागते. ब्रेक लावलेला असला की ते जखडते, आर्ममध्ये पीळ साठून राहतो आणि फुग्याचा दाब खरा भार सांगत नाही.

पुढचे काम दाबमापकाचे. सहाही फुग्यांवर एकेक करून गेज लावला. सगळीकडे 3.8 बार. पाइप चेपलेला नव्हता, कुठे गळती नव्हती. फुग्यांवरचे पार्ट नंबर पुसून वाचले, सगळे एकच. मागच्या एक्सलला चुकून वेगळ्या व्यासाचा फुगा लागला असता तर असाच घोळ झाला असता, पण तसे नव्हते.

आता या 3.8 बारचा हिशेब. ट्रेलरच्या माहितीच्या पाटीवर लिहिलेले होते: एक्सलवर 9,000 किलो असताना 5.0 बार, रिकाम्या गाडीत 0.6. एक्सल, चाके, ब्रेक यांचे स्वतःचे सुमारे 800 किलो फुग्यावर येत नाहीत, ते सरळ जमिनीवर जातात. उरलेल्या 8,200 किलोंना 5 बार, म्हणजे बारमागे 1,640 किलो. मग 3.8 बारला 6,232 अधिक 800, म्हणजे 7,030 किलोंच्या आसपास. पुढच्या आणि मधल्या एक्सलवर हाच आकडा आला होता. मागच्यावरचे उरलेले 2,900 किलो हवेच्या हिशेबातच नव्हते.

फिटर टेप घेऊन खाली सरकला. एक्सलच्या मध्यापासून चासीच्या तळापर्यंतची उंची, म्हणजे राइड हाइट, या ट्रेलरला 300 मिलिमीटर हवी. खालून आवाज आला, "मधला 228." मी पुन्हा मोजायला सांगितले. पुन्हा 228. पुढचा 249. मागचा 207.

इथे थोडे थांबून आकडे लावून पाहू. मधला एक्सल हवे त्यापेक्षा 72 मिलिमीटर खाली बसला होता. शिवाय घोड्याचे फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलरचे नाक ज्यावर टेकते ती तबकडी, 1,200 मिलिमीटरवर होते आणि ट्रेलर 1,150 साठी बनवलेला, म्हणजे नाक 50 वर. शेपूट 72 खाली, नाक 50 वर, एकूण 122 मिलिमीटरचा उतार 7.7 मीटरमध्ये. मीटरमागे जवळपास 16. एक्सलांतले अंतर 1.31 मीटर, म्हणून एका एक्सलपासून पुढच्यापर्यंत 21 मिलिमीटर. 249, 228, 207. टेप आणि गणित जुळले.

या सस्पेन्शनमध्ये 220 च्या खाली गेले की फुग्याच्या आतला बंप स्टॉप टेकतो. बंप स्टॉप म्हणजे घट्ट रबराचा ठोकळा, फुगा पूर्ण दबला तर धातूवर धातू आदळू नये म्हणून बसवलेला. मागचा एक्सल 207 वर होता. म्हणजे तो उभ्या गाडीतही 13 मिलिमीटर रबरात रुतलेला होता. मधल्याला टेकायला फक्त 8 मिलिमीटर उरले होते, रस्त्यावरच्या एका साध्या सांध्याला पुरतील तेवढेच.

डोळ्यांसमोर केलेली खात्री

मालकांना आणि ड्रायव्हरला मी पाट्यांच्या डिस्प्लेपाशी उभे केले. अशा वेळी समजावून सांगण्यापेक्षा दाखवणे मला जास्त पटते. ट्रेलरच्या बाजूला उचल-उतार करणारा हाताचा व्हॉल्व्ह असतो, धक्क्यावर माल चढवताना उंची जुळवायला. तो फिटरने हळू उचलीकडे फिरवला. हवा शिरल्याचा बारीक शिट्टीसारखा आवाज आला, आणि मागच्या एक्सलचा आकडा उतरू लागला. 9,940. 9,600. 9,100. त्याच वेळी पुढचे दोन चढत होते. मधली उंची 20 मिलिमीटर वाढली तेव्हा डिस्प्लेवर होते 8,120, 8,150 आणि 8,180. गेजवर 3.8 चे जवळपास 4.5 बार.

"अजून उचल," मी म्हटले. आणखी 30 मिलिमीटर उचलले. आकडे हलले नाहीत.

पुरावा हाच. रबर टेकलेले असेपर्यंत उंची बदलली की वजन बदलते. रबर सुटले की उंची कितीही असो, दाब सांगेल तीच वाटणी. मालक बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे पाहत राहिले. काटा चुकला नव्हता आणि हवाही चुकली नव्हती. सहाही फुग्यांत दाब शेवटपर्यंत समानच होता. हवा वजन समान करत नाही, दाब समान करते. वजन समान होते ते प्रत्येक एक्सल फक्त हवेवर उभा असेल तेव्हा.

चूक झाली कुठे

तीन महिन्यांपूर्वी गळतो म्हणून लेव्हलिंग व्हॉल्व्ह बदलला होता. काम दुसऱ्या ठिकाणी झाले होते. ड्रायव्हरला आठवत होते की त्या दिवशी घोडा दुसऱ्या फेरीला गेला होता आणि ट्रेलर पायांवर, म्हणजे लँडिंग गिअरवर उभा होता. पाय पूर्ण खाली सोडलेले नव्हते, नाक बरेच खाली होते.

नाक खाली म्हणजे शेपूट वर. मेकॅनिकने एक्सलपासून चासीपर्यंत न मोजता जमिनीपासून चासीच्या मागच्या टोकापर्यंत मोजले असणार, कारण तिथे वाकावे लागत नाही. मागचे टोक उंच दिसले, म्हणून लिंक रॉडची लांबी बदलून ते खाली आणले. त्या क्षणी मोजमाप बरोबर दिसले. घोडा जोडल्यावर नाक वर गेले आणि सगळा ट्रेलर मागे बसला. रिकाम्या गाडीत कुणाच्या लक्षात येण्यासारखे काही नव्हते. मी त्या मेकॅनिकला दोष देत नाही. उभ्या ट्रेलरखाली शिरून एक्सलच्या मध्याला टेप लावणे हे अवघड आणि मळकट काम आहे. पण दुसरी कुठलीच जागा खरे सांगत नाही.

त्या तीन महिन्यांत काय काय घडत होते

ओव्हरलोडची पावती ही या प्रकरणातली सगळ्यात किरकोळ गोष्ट होती, असे मला आजही वाटते.

ब्रेकचे पाहा. ट्रेलरचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक भार ओळखतो तो फुग्यातल्या दाबावरून. त्याला दुसरे काही कळण्याचा मार्ग नाही. दाब 3.8, म्हणजे त्याच्या समजुतीने गटावर 21.1 टन. प्रत्यक्षात जवळपास 24. म्हणजे ट्रेलर आपल्या वजनापेक्षा सुमारे 12 टक्के कमी जोराने ब्रेक लावत होता. उरलेले काम घोडा करत होता. ड्रायव्हरला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, उतारावर मागून ढकलल्यासारखं वाटायचं. मला वाटलं, माल जड असेल." घोड्याचे ब्रेक पॅड नेहमीपेक्षा लवकर गेले होते, ते वेगळ्या बिलात गेल्याने कुणी दोन गोष्टी जोडून पाहिल्या नाहीत. जुन्या गाड्यांतला हवेवर चालणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्हही असाच फसतो. रबरावर टेकलेला ट्रेलर ब्रेकला हलका वाटतो. हे वाक्य मला प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर हवे आहे.

मग भाराचा डिस्प्ले. तोही त्याच दाबावरून चालतो. माल चढवणारे गेले काही आठवडे पाहत होते की गटावर 21 टनच दिसतात, अजून जागा आहे. म्हणून जड पॅलेट मागे ठेवायची सवय लागली होती. त्यांनी काही हलगर्जीपणा केला नव्हता. समोर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवून, घोड्यावरचा भार कमी ठेवायला ते माल मागे नेत होते. दोषाने स्वतःच स्वतःला खतपाणी घातले.

टायर: मागच्या एक्सलला चाकामागे 4,970 किलो, क्षमता 4,500. दहा टक्के जास्त, रोज, तीन महिने. चालत्या गाडीत तर हा भार उडत-आदळत येतो, कारण टेकलेल्या रबराला हवेसारखे लवचिकपण नसते.

आणि रस्ता. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली, आशो रोड टेस्ट. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज एक्सलभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. 24 टन तीन एक्सलवर 8-8-8 असे पडले तर झीज 3 धरू. 6.98, 7.04 आणि 9.94 असे पडले तर हलके दोन मिळून 1.18, जड एकटा 2.38, एकूण 3.56. वजन तेच, झीज जवळपास 19 टक्के जास्त. ट्रकवाल्याला रस्त्याची काय पडली, असे कुणी म्हणेल. मला पडली आहे, कारण आमच्याकडे येणारे निम्मे तुटलेले पार्ट त्या रस्त्यानेच तोडलेले असतात.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरबद्दल थोडे सविस्तर. पाट्यांच्या कमानीत पाते पात्यावर घासते आणि तेच थोडाफार धक्का गिळते. हवेत घर्षण जवळपास नाहीच. त्यामुळे एअर सस्पेन्शनमध्ये झुलणे थांबवण्याची सगळी जबाबदारी शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर असते. युरोपच्या 96/53 या निर्देशात ड्राइव्ह एक्सलचे, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या एक्सलचे, सस्पेन्शन हवेच्या तोडीचे धरायचे तर झुलण्याची वारंवारता 2 हर्ट्झच्या वर नको आणि डँपिंग, म्हणजे झुलणे शमवण्याचा जोर, क्रांतिक मूल्याच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त हवे, अशी मोजमापे आहेत, आणि त्यातला किमान निम्मा वाटा शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा असायला हवा. या ट्रेलरचा मागचा उजवा शॉकअ‍ॅब्सॉर्बर तेलाने ओला होता. रबरावर आदळत राहिलेल्या एक्सलमुळेच तो गेला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण गेला तो त्याच एक्सलचा.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण मालकांनीही तो प्रश्न काढला: खड्ड्यात गेल्यावर तरी हवा इकडून तिकडे धावून भार समान करते ना? नाही करत. ताशी 80 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. पुढचा एक्सल ज्या उंचवट्यावर चढला, त्यावर मधला पोचतो 0.06 सेकंदांत. तेवढ्यात बारीक पाइपातून हवेला कुठे जायला वेळ मिळत नाही. लेव्हलिंग व्हॉल्व्ह तर मुद्दामच सुस्त बनवलेला असतो, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला हवा खर्च करत बसेल. समानता येते ती उभ्या गाडीत आणि संथ बदलांत. धावत्या गाडीत फुग्याचा मऊपणा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर, एवढेच काम करतात.

दुरुस्ती, आणि एक अनपेक्षित आकडा

दुरुस्ती साधी होती. ट्रेलर त्याच घोड्याला जोडलेला, जमीन सपाट, ब्रेक सुटे, ठोकळे लावलेले, टाकीत 7 बार, हाताचा व्हॉल्व्ह चालवण्याच्या स्थितीत. लिंक रॉडचे नट सैल करून लांबी बदलली, व्हॉल्व्ह शांत होईपर्यंत थांबलो, मोजले. एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर येऊ दिले, कारण व्हॉल्व्हला मधे थोडी मोकळी जागा असते आणि एकाच बाजूने आलो तर काही मिलिमीटर फसतात. मधला 300, पुढचा 308, मागचा 291. उरलेला उतार घोड्याच्या उंच फिफ्थ व्हीलचा, तो या सस्पेन्शनला पचतो.

मागचे दोन फुगे उघडले. बंप स्टॉपचा माथा आरशासारखा गुळगुळीत झाला होता, कडेला बोटाचे नख जाईल एवढी चीर, आणि पिस्टनच्या तळाशी चिमूटभर काळी भुकटी. रबर तीन महिने दळले गेले होते. दोन्ही बदलले, शॉकअ‍ॅब्सॉर्बर एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलले.

मग बेरीज केली, आणि मालकांचा चेहरा पुन्हा उतरला. 8,120 अधिक 8,150 अधिक 8,180, म्हणजे 24,450. दुरुस्तीआधी गट 23,960 होता. दोष काढल्यावर गट जड कसा झाला?

माल एक किलोनेही वाढला नव्हता. तिन्ही एक्सल सारखे उचलत असतील तर गटाचा टेकू मधल्या एक्सलवर, किंगपिनपासून 7.7 मीटरवर, असतो. मागचा एक्सल जास्त उचलत होता तेव्हा तो टेकू सरकून 7.86 मीटरवर गेला होता. टेकू लांब गेला की तोच माल पेलायला गटाला कमी जोर लागतो आणि किंगपिनवर जास्त येतो. म्हणजे बिघाडाने गटाची बेरीज अर्ध्या टनाने कमी दाखवली होती आणि तो अर्धा टन घोड्याच्या पाठीवर टाकला होता. नियमात बसलेली ती बेरीजसुद्धा बिघाडाचीच देणगी होती.

उपाय आता पहिल्या वाटणीतला, मालाच्या जागेचा. घोड्याच्या ड्राइव्ह एक्सलला भरपूर जागा होती. पॅलेटच्या रांगा पुढच्या भिंतीपासून थोड्या सोडून लावल्या होत्या, त्या भिंतीला भिडवल्या. सगळा माल 20 सेंटिमीटर पुढे गेला. पुन्हा पाट्या: 7,910, 7,930, 7,950. बेरीज 23,790. ट्रेलरच्या डिस्प्लेवर 23.8 टन, म्हणजे आता तोही खरे सांगत होता. ड्राइव्ह एक्सल साडेनऊ टनांच्या जरा वर, मुभा साडेअकरा टनांची.

फिटरने मधल्या एक्सलच्या वर, चासीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने ठळक आकडा लिहिला: 300. खाली बाण, कुठून कुठपर्यंत मोजायचे ते दाखवणारा. मालकांनी विचारले, "बाकीच्या ट्रेलरचं काय?" त्याच सुमाराला आणखी चार ट्रेलरचे व्हॉल्व्ह तिथेच बदलले गेले होते. दुसऱ्या दिवशी ते रिकामेच आमच्याकडे आले. फिटर टेप आणि रंगाचा डबा घेऊन खाली शिरला. पहिला 296, ठीक. दुसरा 301. तिसऱ्याखालून आवाज यायला जरा वेळ लागला. "251," तो म्हणाला, आणि लिंक रॉडसाठी पाना मागितला.